ठरल्यापेक्षा एक ओळ जास्त

माझ्याहून वयाने तीन वर्षांनी आणि शुद्धलेखनाने निदान तीनशे वर्षांनी मोठ्या असलेल्या मातालेनाताई,

धाकटा भाऊ एतुआले तुझ्यासमोर नेहमीसारखा मान खाली घालून बसला आहे, असं समजून पुढे वाच. तुझे गुडघे कसे आहेत? ऑकलंडच्या थंडीत ते जास्त बोलतात असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. खोबरेल कोमट करून लाव आणि सूनबाईला वास आला तर तिला माझं नाव सांग. नातवंडं आता सामोआची भाषा बोलतात, की अजून नुसता 'तालोफा' एवढा नमस्कार ठोकून पळून जातात? इकडे सगळं ठीक. नीरफणस यंदा दोनदा धरला. पाद्रीबाबांचं प्रवचन होतं तेवढंच लांब आहे, फक्त ऐकणारे म्हातारे झालो. तुझी भावजय लुपे खुशाल आहे आणि बायकांच्या मंडळाची अध्यक्ष झाल्यापासून जास्तच खुशाल आहे. मीही खुशाल. फक्त मी आपल्या गावात नाही. गावसभेने मला सहा महिन्यांसाठी फागालोटोबाहेर काढलं आहे. हे तुला फोनवरून कुणीतरी कळवलंच असेल आणि चुकीचं कळवलं असेल, म्हणून हे पत्र. सध्या मुक्काम लुपेच्या भावाकडे, फेरीबोटीच्या धक्क्याजवळ. जागा हवेशीर आहे. (बोटीच्या धुराचीही हवाच म्हणायची.)

आता तू कपाळाला हात लावशील की ह्या वयात हा असं करतो तरी काय. तर ताई, ह्या वयात मी काहीच करत नव्हतो, तिथूनच सगळं सुरू झालं. पण त्याआधी मला तुझ्याशी जरा मागचं बोलू दे, कारण इथे माझ्याशी मागचं बोलणारं कुणी नाही. लुपेचा भाऊ फक्त बोटीच्या वेळा बोलतो.

आपल्या 'शंख' ह्या गावपत्राचा पहिला अंक तुला आठवतो ना? वादळाच्या वर्षीचा. शाळेचं छप्पर उडालं, सरकारकडून नवे पत्रे आले, आणि ते पत्रे शाळेवर जाण्याऐवजी गावप्रमुख तुलेमाऊंच्या डुकरांच्या गोठ्यावर चढले. मी त्यावर साडेतीन पानं लिहिली होती. त्यात न्याय होता, इतिहास होता, बायबलातले चार दाखले होते. तू ती वाचलीस, स्वयंपाकघरात गेलीस, पीठ मळत परत आलीस आणि म्हणालीस, "हे सगळं काढ. नुसतं लिही : डुकरं कोरडी, पोरं ओली." चार शब्द! मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. आणि तिसऱ्या दिवशी अख्खं गाव ते चार शब्द म्हणत हिंडत होतं. तुलेमाऊंनी सभा भरवून आपल्याला एका डुकराचा दंड केला, आपण डुक्कर नेऊन दिलं, ते त्याच गोठ्यात बांधलं गेलं, आणि दुसऱ्या अंकात तू छापलंस, 'आमचंही आता कोरडं.' महिन्याभरात पत्रे शाळेवर चढले. कुणी चढवले, कधी चढवले, ह्यावर गावात आजतागायत एक अक्षर बोललं गेलेलं नाही.

आणि तो पाद्रीबाबांनी दिलेला टाइपरायटर! त्याचा 'ल' उमटायचाच नाही, आणि शत्रू मिळाला तो नेमका नावात 'ल' असलेला. तू शंभरच्या शंभर प्रतींवर हाताने 'ल' भरत बसायचीस. मी म्हणायचो, जाऊ दे गं, लोकांना कळतं कोण ते. तू म्हणायचीस, "भांडतोयस ना त्याच्याशी? मग त्याचं नाव तरी पूर्ण लिही." पुढे शनिवार-शनिवार तुलेमाऊ स्वतः घरी यायचे, अंकातल्या चुका सांगायला. दारातूनच ओरडत यायचे, "शंख्या, बाहेर ये!" आणि मी बाहेर जाईपर्यंत आत येऊन तुझ्या हातचा कोको घेत बसलेले असायचे. (लुपेचं म्हणणं असं की त्यांची बायको वारल्यापासून अंकातल्या चुका त्यांना फार सापडायला लागल्या होत्या. लुपे काहीही म्हणते. पण आठ प्रतींमध्ये 'ल' राहिला म्हणून एक माणूस दोन तास बसतो, ह्याचं मलाही तेव्हा नवल वाटलं होतं.)

पंचवीस वर्षं चालवला आपण तो. मग भावजी गेले, तुझा मुलगा तुला घेऊन गेला, आणि 'शंख' बंद पडला. मी सगळ्यांना सांगितलं की छपाईयंत्राचा रूळ झिजला. ताई, रूळ झिजला होता हे अगदी खरं आहे. तो त्याआधी एकोणीस वर्षं झिजलेलाच होता. पण तू नसताना मी काहीतरी लिहायचो आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचो, पिठाचे हात घेऊन कुणी येतंय का म्हणून. कुणी यायचं नाही. सगळी साडेतीन पानं तशीच राहायची. असं एक वर्षभर केलं आणि यंत्रावर चटई टाकली. त्यानंतर मी तारोच्या कंदांना खत घातलं, सकाळी पाण्यावर जाऊन बसलो आणि लुपेला तिच्या बोलण्यातल्या चुका सांगितल्या. सहा वर्षांत एवढंच केलं.

तर एका सोमवारी मी असाच पाण्यावर बसलो होतो. आपलं ते समुद्राकाठचं गोड्या पाण्याचं कुंड, बायकांच्या आणि पुरुषांच्या मधल्या दगडी भिंतीसकट अजून तसंच आहे. सगळे मळ्यावर गेलेले, कुंडात मी एकटा. तुलेमाऊ काठी टेकत आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे झालेत, पण पाण्यात उतरले की पाणी अजून काठावर येतं.

"शंख्या, पाणी कसं आहे?"

"थंड आहे."

"ते मलाही कळतं. पिऊन बघ."

मी ओंजळभर घेतलं. ताई, खारट! थोडंसंच, पण खारट. ज्या पाण्यावर आपली आजी वाढली, ते.

गोष्ट अशी होती. त्यांचा थोरला, आसोमुआ, आपिया शहरातून एका ठेकेदाराला घेऊन आला होता आणि दोन आठवडे कुंडापलीकडच्या किनाऱ्यावरची वाळू ट्रकने उचलली जात होती. झरा त्याच वाळूखालून येतो. वाळू निघाली तसा समुद्र आत सरकायला लागला. हे गावात सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण परवानगीच्या कागदावर सही तुलेमाऊंची होती आणि सभेत तसा शब्दही त्यांनीच दिला होता.

मी विचारलं, "कागदात काय लिहिलं होतं?"

"इंग्रजीत होतं."

"न वाचता सही केलीत?"

"मुलाने आणला होता रे," ते म्हणाले. "मुलाने आणलेला कागद कोण वाचत बसतं?"

मी म्हणालो, मग सभेत सांगा, चूक झाली म्हणून. तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना भर चर्चमध्ये कमरेचं लावालावा सोडायला सांगितलं. दिलेला शब्द ते परत घेणार नाहीत, आणि पोटच्या पोराला चारचौघांत खोटं पाडणार नाहीत. मग जरा वेळ पाण्यात हात फिरवत बसले आणि म्हणाले, "तू लिही."

"काय लिहू?"

"माझ्याविरुद्ध लिही. ते काय तुला शिकवायला हवं?"

त्यांची योजना साधी होती. मी 'शंख'मध्ये लिहायचं. त्यांनी सभेत संतापायचं. मला दंड करायचा, आणि मग म्हणायचं की असल्या फालतू माणसाला पुन्हा तोंड उघडायला निमित्तच नको, म्हणून वाळू बंद. त्यांचा शब्द राहतो, मुलाची लाज राहते, पाणी राहतं. जायचं ते फक्त माझं डुक्कर. मी म्हणालो, लहान डुक्कर. ते म्हणाले, मोठं. मध्यमवर सौदा पटला. मजकूर नऊ ओळींचा ठरला, आणि मुलाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. ते वर चढून अंग पुसून निघून गेले, आणि मी मात्र कुंडातच बसून राहिलो. ताई, मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. सहा वर्षांनी मला कुणीतरी लिही म्हणालं होतं, आणि तेही कोण, तर तुलेमाऊ!

घरी येऊन यंत्रावरची चटई काढली तर आत खेकड्यांचं कुटुंब. त्यांना मानाने बाहेर काढलं. शाई दगड झाली होती. मग मी डोकं चालवलं : आपल्याकडे गोंदण्यासाठी करतात तशी काजळी धरली, खोबरेलात खलली आणि रुळाला लावली. मी सांगतो, शाई अप्रतिम झाली होती. ती माझ्या दोन्ही हातांवर, गळ्यावर, लुपेच्या चर्चच्या पांढऱ्या कपड्यांवर आणि एका खेकड्यावर उत्तम उमटली. लुपे दारात येऊन म्हणाली, "कागद सोडून सगळीकडे छापलंत की." शेवटी मी चौदा प्रती हाताने काढल्या, तुझ्यासारख्या, एकेक अक्षर. आणि तिथे घात झाला. आठव्या का नवव्या प्रतीपाशी लेखणी अशी काही तापली की नऊ ओळी संपल्यावर दहावी आपोआप खाली उतरली : 'जो प्रमुख न वाचता सही करतो, त्याच्या गावाला पोहायला समुद्र मिळेल, प्यायला पाणी मिळणार नाही.' ती मला इतकी आवडली की आधीच्या प्रतींवरही मी ती घातली. ठरल्यात नव्हती हे मला माहीत होतं. पण दहावी ओळ खरी होती, आणि उरलेल्या नऊ नुसत्या बरोबर होत्या.

शुक्रवारी एक प्रत चर्चच्या दारावर लावली, एक बसथांब्यावर, दुकानात चार, बाकी हातोहात. आणि वाट बघत बसलो. दोन दिवस काहीही झालं नाही. पोरं फोन बघत अंकाखाली उभी राहायची. दुकानदाराने त्यात पाव बांधून दिले, तेही मलाच. रविवारी प्रवचनानंतर कुणी काही बोललं नाही. मी घरी येऊन जेवलोदेखील नाही. म्हटलं, झालं, आपला जमाना गेला. आता शंख केला तरी लोक म्हणणार, कुणाचा तरी फोन वाजतोय.

पण सोमवारी सकाळी बायकांचं मंडळ निघालं. गळ्यात घरोघरच्या स्वच्छता-तपासणीच्या शिट्ट्या, काखेत केवड्याच्या पाती. चाळीस बायका वाळूच्या रस्त्यावर आडव्या बसल्या आणि चटया विणायला लागल्या. पहिला ट्रक आला. ड्रायव्हर बिचारा परगावचा, खाली उतरून म्हणाला, "मावशी, जरा सरकता का?"

लुपे म्हणाली, "सरकतो की. एवढी चटई संपू दे."

"कधी संपेल?"

"बारीक विणीची आहे, बाळा. वर्ष लागतं."

मग त्यांनी, गावात आलेली वस्तू स्वच्छ हवी ह्या नियमाखाली, त्याच्या ट्रकची तपासणी केली, सीटवर धूळ सापडली म्हणून शिट्टी फुंकून त्याला सुनावलं, आणि दुपारी नारळाच्या दुधातली अळूची पानं खाऊ घातली. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी ड्रायव्हर घरच्यांसाठी एक जाड विणीची चटई घेऊन गेला, आणि ट्रक पुन्हा आलेच नाहीत.

सभा शनिवारी भरली. मी सभागृहातल्या माझ्या ठरलेल्या खांबापाशी मांडी घालून बसलो, मनातून निवांत. एक मध्यम डुक्कर तर द्यायचं होतं. तुलेमाऊ बोलायला उठले. ताई, काय बोलले! मी पंचवीस वर्षं त्यांना ऐकलंय, पण असे कधी नाही. मला गावाच्या कानातला किडा म्हणाले. आपले आजोबा हे बघायला नाहीत, बरंच झालं, म्हणाले. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो, कुठे जरा मिचकावतात का. छे. मग त्यांनी माझा अंक उघडला आणि दहावी ओळ सभेला म्हणून दाखवली. चष्मा न लावता. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची काठी दिसत नाही, म्हणजे ओळ पाठ होती. 'न वाचता सही करतो' म्हणताना आवाज जरा घसरला. मागे आसोमुआ बसला होता, त्याने मान खाली घातली, ती सभा संपेपर्यंत वर केली नाही. कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं, तरी.

निकाल : वाळू आजपासून बंद, ह्या माणसाच्या लिहिण्यामुळे नव्हे, सभेच्या स्वतःच्या विचाराने. आणि ह्या माणसाला सहा महिने गावबंदी. शिवाय डुक्कर. मध्यम.

मी भडकलो. निघण्याआधी त्यांना कुंडावर गाठलं. "सहा महिने? आपलं ठरलं होतं डुक्कर!"

"आपल्या ठरल्या होत्या नऊ ओळी," ते म्हणाले.

ह्याची उत्तरं मला बसमध्ये बसल्यावर सुचायला लागली. (अजूनही रोज दोन-तीन सुचतात.) मग ते म्हणाले, "दहावी चांगली होती, शंख्या. त्यात 'पोहायला' चुकीचं लिहिलंयस. मातालेना असती तर सुधारलं असतं." काठी घेऊन उठले, चार पावलं गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, "बरी आहे ना ती?" मी म्हटलं, गुडघे दुखतात. म्हणाले, "आपले तरी कुठे धड आहेत."

बस सुटली तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. वळणावरून कुंड दिसलं, भिंतीच्या अलीकडे बायकांचं धुणं चाललेलं, पलीकडे कुणीतरी पाण्यात उडी मारली. माझ्या नखांत अजून काजळी होती. ताई, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला गावातून हाकलल्यावर वाईट वाटायला हवं. मला वाटलंही, पण पुढच्या थांब्यापर्यंतच. नंतर तू शेजारी असतीस तर, एवढंच वाटत राहिलं. तू म्हणाली असतीस, दहावी ठेव, वरच्या नऊ काढ.

लुपे दर शनिवारी जेवण घेऊन येते, आणि कुंडातल्या पाण्याची एक बाटली. पहिल्या महिन्यात फरक नव्हता. परवाची बाटली मी दोनदा चाखली. खारटपणा आहे, पण शोधावा लागतो.

पाद्रीबाबांचे आशीर्वाद तुझ्यामागे आहेतच. मी धाकटा म्हणून माझे चालत नाहीत, नाहीतर तेही पाठवले असते.

तुझा, सध्या गाव नसलेला भाऊ,
एतुआले

ता.क. : इथे धक्क्यावर प्रवाशांसाठी सरकारने चांगला सिमेंटचा संडास बांधलाय. त्याला आठ महिने कुलूप आहे. किल्ली कुणा अधिकाऱ्याकडे म्हणतात. बोटीला कधीकधी चार तास उशीर होतो, बायाबापड्या येतात, तू समजून घे. मी फक्त चौकशी केली. पण ऑकलंडमध्ये जुन्या यंत्राची शाई अजून मिळते असं ऐकलं, तर दोन नळ्या आणि स्टेन्सिलचा एक पुडा बोटीने धाड. मथळ्यासाठी चार शब्द सुचले तर तेही. माझी साडेतीन पानं तयार आहेत.

पुन्हा ता.क. : लुपेला ह्यातलं काही कळवू नकोस. तिला वाटतंय मी इथे विश्रांती घेतोय. पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय, पण पाकीट नीट चिकटवलंय.

वन्सं, मी लुपे. पाकीट वाफेवर उघडलं, माफ करा. ह्यांनी सगळं खरंच लिहिलंय, फक्त ह्यांना माहीत नाही ते राहिलंय. तुलेमाऊ कुंडावर ह्यांना भेटले त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले होते. विचारत होते, बायका रस्त्यावर बसतील का. मी म्हटलं, आमचं ठरलंय, पाती कापून ठेवल्यात, उद्याच बसतो. तर म्हणाले, "थोडं थांबा. आधी त्याला लिहू दे. अंक निघून दोन दिवस झाले की बसा. सहा वर्षं तो पाण्यावर येऊन नुसता पाण्याकडे बघत बसतो, मला बघवत नाही." म्हणून आम्ही थांबलो. ह्यांना सांगू नका, लिहिणं पुन्हा बंद होईल. आणि शाई तेवढी लवकर पाठवा. धक्क्यावरची किल्ली ज्याच्याकडे आहे तो माझा मावसभाऊ. मागच्याच महिन्यात उघडायला निघाला होता, मीच त्याला सांगितलंय की ह्यांचा अंक निघेपर्यंत कुलूप काढू नकोस. लोकांचे फार हाल होतायत.